कारखान्याची खबर

दिवाळीच्या अंकात कारखान्याच्या लेखनावर टीका कशाला, असे वाचक विचारतील. पण तसे कारण घडले आहे. माझा एक जुना विद्यार्थी पुण्याकडे एका कंपनीत अभियंता आहे. सुट्टीत तो चांदूर रेल्वेला आला, तेव्हा कंपनीच्या पत्रिकेसाठी लिहिलेला पाण्याच्या पंपावरचा लेख त्याने माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "सर, शुद्धलेखन तेवढं पाहून द्या."

शुद्धलेखन ठीकच होते. लेख मात्र मला पटला नाही. पंप उत्तम, योजना उत्तम, सारेच उत्तम! मी विचारले, "अरे, हा बिघडला केव्हा?"

तो हसला. "तीनदा जळला, सर. पण ते साहेब छापू देणार नाहीत."

मला 'किर्लोस्कर खबर'ची आठवण झाली. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे मुखपत्र म्हणून ती निघाली. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, यंत्रज्ञ नव्हेत. माझ्या मते हेच त्या मासिकाचे भाग्य. यंत्र ज्याच्या हातचे झाले, त्याला वाचकाची अडचण दिसत नाही. लक्ष्मणरावांच्या लोखंडी नांगराने जमीन नासेल, अशी शेतकऱ्यांना शंका होती. ती काही नुसत्या स्तुतीने फिटणारी नव्हती. पुढे नावातली 'खबर' गळाली. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे आली. साहित्याचे भले झाले. परंतु नांगर-पंपाविषयी घरगुती मराठीत लिहिण्याची जागा आक्रसली, ही माझी तक्रार आहे.

म्हणून मी त्या लेखातली विशेषणे खोडली आणि पंप जळल्याची हकीकत लिहायला लावली. ती अशी: विजेचा दाब उतरला तरी मोटारीवरचा भार तोच राहतो, मग ती जास्त प्रवाह ओढते, तापते, आणि आतले वाइंडिंग जळते. चार वाक्ये झाली. माझ्या मते साऱ्या लेखात तेवढीच वाचण्याजोगी होती. दोष झाकणारा लेख ही जाहिरात होय. तिला लेख म्हणू नये.

साहेब काय करतील, ते लेख छापून येईल तेव्हा कळेल. त्याने मात्र ती वाक्ये घरी वडिलांना वाचून दाखवली. ते शेतकरी. ऐकून म्हणाले, "मंग आपली मोटार याच्यानंच जळली का रे?"