लिंक्डइन आणि शिफारशीची किंमत

आजचा विषय आहे लिंक्डइनचा प्रभावी वापर. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने यावर काय बोलायचं, असं कोणाला वाटेल. पण 'मी कोण?' हा प्रश्न आमच्याच खात्यातला. लिंक्डइनवर नाव नोंदवलं की तो पहिल्याच पानावर समोर येतो, आणि उत्तर एका ओळीत द्यावं लागतं.

आपल्या मंडणगड-दापोलीकडची मुलं ते कसं देतात, हे मी बरंच पाहिलंय. मुलं प्रोफाइल दाखवायला घेऊन येतात. 'डायनॅमिक', 'पॅशनेट', 'रिझल्ट-ओरिएंटेड'. दहा प्रोफाइल वाचा, दहाही एकाच माणसाची वाटतील. वाङ्मयप्रकार म्हणून पाहिलं तर यातला मोठा दोष असा की इथे विशेषणं आहेत आणि क्रियापदं नाहीत. मुलगा काय आहे ते लिहिलंय. त्याने काय केलं, ते कुठेच नाही. विशेषण खोटं पाडता येत नाही, म्हणूनच त्यावर कोणी विश्वासही ठेवत नाही.

समजा, एखाद्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस वेसवीच्या जेट्टीवर बसून बागमांडल्याच्या फेरीबोटीत चढणाऱ्या गाड्या मोजल्या आणि कोणत्या वेळी किती रांग लागते याचं कोष्टक केलं. हे ती प्रोफाइलमध्ये लिहील का? नाही लिहिणार. तिला वाटेल, हे गावठी आहे. तिथे ती लिहील 'डेटा एन्थुझियास्ट'. म्हणजे जे फक्त तिच्याकडे आहे तेच नेमकं पुसलं गेलं. कोष्टक टाका, कसं मोजलं ते चार ओळींत लिहा. हा झाला प्रभावी वापराचा पहिला भाग, आणि तो सोपा आहे.

अवघड भाग ओळखीचा. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की नोकरीची बातमी बहुधा जिवलग मित्राकडून येत नाही, लांबच्या ओळखीकडून येते. कारण उघड आहे. जिवलगाला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर झालेला प्रयोग छापून आला. त्यातही फार जवळच्या ओळखींपेक्षा बऱ्यापैकी लांबच्या ओळखीच नोकरी मिळायला जास्त उपयोगी ठरल्या.

आता हे आपल्या चाकरमान्यांना लावून पाहा. मुंबईत गावाची खोली असायची. नवा पोरगा बोटीने उतरला की तिथे वळकटी टाकायचा आणि वाडीतला कोणीतरी त्याला गिरणीत चिकटवायचा. या व्यवस्थेने कोकण जगवलं, याबद्दल वाद नाही. पण ती खोली कोणाची होती? वाडीची, भावकीची, म्हणजे बहुतेक वेळा जातीची. ज्याच्या जातीचा कोणी गिरणीच्या चांगल्या खात्यात नव्हता, त्याला ती खोली त्या खात्याच्या दारापर्यंत नेऊ शकत नव्हती. जवळच्या ओळखीची मर्यादा ती हीच.

आपल्याच तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग या विषयाला अगदी जवळचा आहे. धनंजय कीरांनी तो दिलाय. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा वाचत बसलेला असायचा. कृष्णराव अर्जुन केळुसकर तिथे यायचे. ते विल्सन हायस्कूलमधले शिक्षक, मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलचा. जात वेगळी, शाळाही वेगळी. केळुसकरांनी चौकशी केली, ओळख झाली, पुढे वडिलांशीही स्नेह जडला. भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा ते सयाजीराव गायकवाडांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकायला गेले. महाराजांनी मुलाला समोर बसवून प्रश्न विचारले, उत्तरं पटली, आणि महिना पंचवीस रुपये सुरू झाले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली, तीही बडोद्याचीच.

यात कोणी काय केलं, ते नीट पाहा. मुलगा वाचत होता. स्वतःबद्दल तो काही सांगत नव्हता. केळुसकरांनी महाराजांपुढे आपला शब्द खर्च केला. मुलगा कच्चा निघाला असता तर पुढच्या वेळी केळुसकरांचं कोणी ऐकलं नसतं. त्या शिफारशीचं वजन या धोक्यातच होतं. आणि तिने फक्त दार उघडलं. आतली उत्तरं मुलालाच द्यायची होती.

लिंक्डइनवर २०१२ पासून 'एन्डॉर्समेंट'चं बटण आहे. एक टिचकी मारली की अमक्याला अमुक येतं अशी साक्ष दिली गेली. साक्षीदाराचं यात काय जातं? काहीच नाही. मग त्या साक्षीला किंमत कुठून येणार? मला तर ओळखीपाळखी नसलेल्या माणसांनी 'लीडरशिप' बहाल केलीय. घरात माझं कोणी ऐकत नाही! (हशा)

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. उपयोगाच्या मैत्रीला त्याने वाईट म्हटलेलं नाही. तक्रारी मात्र तिथेच जास्त होतात, असं तो म्हणतो. का? देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला मोल वेगवेगळं वाटतं म्हणून. लिंक्डइनवर 'सर, प्लीज हेल्प' एवढाच निरोप पाठवणाऱ्या मुलाला उत्तर येत नाही आणि तो चिडतो. पण त्याने मागितलंय काय, हेच समोरच्याला कळलेलं नसतं.

माझा मोठा आक्षेप पुढे आहे. लांबची ओळख सगळ्यांना सारखी मिळते का? २०१९ मध्ये लिंक्डइननेच आपल्या माहितीवरून जाहीर केलं, की श्रीमंत वस्तीत राहणं, नामांकित संस्थेत शिकणं आणि बड्या कंपनीत काम करणं या तिन्ही गोष्टी असलेल्याला संधी बारापट मिळू शकते. म्हणजे गावची खोली गेली आणि कॉलेजची खोली आली. मंडणगडहून टाकलेलं प्रोफाइल आणि पवईहून टाकलेलं प्रोफाइल एकाच पडद्यावर दिसतं, एवढ्याने ती दोघं शेजारी बसत नाहीत.

म्हणून मुलांना मी एवढंच सांगतो, की अनोळखी माणसाला जरूर लिहा, पण त्याचं एखादं काम आधी वाचा आणि दहा मिनिटांत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न विचारा. 'मी मंडणगडची. फेरीबोटीच्या रांगेचं कोष्टक केलंय, सोबत जोडलंय. यात आठवड्याच्या वारांचा फरक कसा तपासावा?' अशा निरोपाला सगळे नाही, पण काहीजण उत्तर देतात. 'जॉब असेल तर सांगा' याला कोणी देत नाही.

आता पुढच्या रांगेकडे वळतो. बँकेतून, शाळेतून, मुंबईच्या कंपन्यांतून निवृत्त झालेली बरीच मंडळी इथे बसली आहेत. प्रोफाइल सुधारायचा उपदेश आपण मुलांना पुष्कळ करतो. आपल्या नात्याबाहेरच्या, वाडीबाहेरच्या, जातीबाहेरच्या किती मुलांसाठी आपण नाव घालून, काम पाहून शब्द टाकला? लिंक्डइनवर 'रेकमेंडेशन' लिहायची सोय आहे, ते टिचकीने होत नाही, लिहावं लागतं. मुलाने काय केलं, आपण ते कधी पाहिलं, अशी पाच वाक्यं. आपल्या सहीने.

प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या बाकावरच्या त्या ताईंनी मघापासून हात वर केलाय.