स्निएझ्को यांची त्रिवर्तुळ मांडणी : एक चिकित्सा

मत्स्यरोगशास्त्राच्या अध्यापनात एक आकृती हमखास आढळते. मासा, रोगजंतू आणि पर्यावरण ही तीन वर्तुळे परस्परांना छेदतात व तिन्हींच्या समाईक भागात रोग उद्भवतो. एस. एफ. स्निएझ्को यांच्या १९७४ मधील लेखाने ही मांडणी मत्स्यरोगांच्या अभ्यासात रूढ झाली. केवळ जंतूस दोष देणाऱ्या विचारापेक्षा ती निश्चितच व्यापक आहे. प्राणवायू घटला, तापमान वाढले किंवा दाटी झाली की माशाची प्रतिकारशक्ती खालावते, हे तिने ठसविले. तथापि रोग का उद्भवतो आणि तो कसा पसरतो, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर या आकृतीत मिळत नाही.

नॉर्वेतील सॅमन मत्स्यशेतीचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. 'एरोमोनास सॅल्मोनिसिडा' या जिवाणूमुळे होणारा फुरुंक्युलोसिस हा रोग १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आयात केलेल्या सॅमनच्या पिलांबरोबर तेथे आला. १९९२ अखेरपर्यंत तो पाचशेहून अधिक मत्स्यशेती केंद्रांत पोहोचला. या जिवाणूचे वाहक मासे वरकरणी निरोगी दिसत असल्याने पिलांची ने-आण हीच रोगाची ने-आण ठरली. पुढे पिंजऱ्यांतून निसटलेल्या माशांनी तो नद्यांतील नैसर्गिक सॅमनपर्यंत नेला. या प्रवासात आयातदार, वाहतूक करणारी नौका आणि तुटलेली जाळी यांचा वाटा मोठा होता. त्यांना तीन वर्तुळांत स्वतंत्र स्थान नाही.

उपायांतूनही हेच दिसते. १९८७ मध्ये नॉर्वेच्या मत्स्यशेतीत सुमारे ४८ टन प्रतिजैविके वापरली गेली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्पादन वाढूनही हा वापर एक टनाच्या आसपास आला. शीतजल व्हिब्रिओसिस व फुरुंक्युलोसिस यांवरील लसींना याचे मुख्य श्रेय जाते. परंतु त्यांच्या जोडीला माशांच्या पिढ्या वेगवेगळ्या ठेवणे, केंद्रांत अंतर राखणे व वाहतुकीवर नियंत्रण ठेवणे हे उपायही होते.

पर्यावरणाचे वर्तुळ इतके व्यापक आहे की या साऱ्या गोष्टी त्यात सामावतात, असा प्रतिवाद संभवतो. तो स्वीकारल्यास मात्र पाण्याचे तापमान आणि व्यापाऱ्याचा निर्णय एकाच पातळीवर येतात. परिणामी मासे मेले की दोष तळ्यावर, म्हणजेच तळे राखणाऱ्यावर येतो; दूषित मत्स्यबीज पुरविणारा नामानिराळा राहतो. दूरवरून मत्स्यबीज आणणाऱ्या आपल्या मत्स्यशेतकऱ्याच्या दृष्टीने हा भेद केवळ तात्त्विक नाही. म्हणून ही आकृती शिकविताना तिच्या शेजारी मत्स्यबीजाच्या प्रवासाचा नकाशाही काढावयास हवा.