उतारवयांतील खेळ आणि समोरचा गडी

वृद्ध मनुष्यानें दिवस कसा घालवावा याविषयीं आमच्या समाजांत फारसा मतभेद नाहीं. त्यानें हरिपाठ म्हणावा, सकाळीं फिरावयास जावें, नातवंडांस गोष्टी सांगाव्या, आणि तरुणांच्या कारभारांत लक्ष घालूं नये. त्यानें खेळावें असें मात्र कोणी म्हणत नाहीं. पेठ वडगांवांत आठवड्याच्या बाजाराचा दिवस सोडून दुपारीं दोन-तीनच्या सुमारास आमच्या आळींतून कोणी हिंडेल, तर त्यास निराळेंच दृश्य दिसेल. ओट्यावर चष्मा सांवरून बसलेले आजोबा मोबाइलवर पत्त्यांचे ढीग लावीत असतात. माजघरांत आजी रंगीबेरंगी गोळ्यांच्या ओळी जुळवीत असतात. कोठून तरी यंत्राच्या फांशाचा खडखडाट ऐकूं येतो. आणि सून चहा घेऊन आली कीं मोबाइल हळूच उशीखालीं जातो.

ह्या लपवालपवीनेंच आम्हांस प्रस्तुत लेख लिहिण्यास प्रवृत्त केलें. ज्यांनीं पन्नास वर्षें संसाराचा गाडा ओढला त्यांस अर्ध्या तासाचा खेळ चोरून खेळावा लागावा, ही गोष्ट आम्हांस शोभादायक वाटत नाहीं. दुसरेंही एक कारण आहे. नाटक, कादंबरी, चित्रपट ह्यांचें परीक्षण आम्ही करतों. परंतु आमच्या वडीलधाऱ्या मंडळींचा इतका वेळ ज्या खेळांत जातो, ते खेळ चांगले रचलेले आहेत कीं वाईट, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तो आज विचारून पाहूं.

ह्या विषयावर दोन मतें सामान्यतः ऐकूं येतात. पहिलें मत असें कीं, खेळ हा पोरकटपणा आहे; वयाला तो शोभत नाहीं. ह्या मताच्या गृहस्थांनीं एकदां वेरूळास जाऊन यावें. तेथील रामेश्वर लेण्यांत शंकर आणि पार्वती सारीपाट मांडून बसलेलीं कोरलीं आहेत, आणि खालीं शिवगण नंदीची खोडी काढीत आहेत. जगाचा संहार करणाऱ्या देवास खेळतांना दाखविण्यांत ज्या शिल्पकारांस संकोच वाटला नाहीं, त्यांची रसिकता आमच्यापेक्षां कमी होती असें म्हणवत नाहीं.

दुसरें मत आधुनिक आहे. खेळल्यानें मेंदू तल्लख राहतो, विस्मरण दूर राहतें. सबब औषध म्हणून आजोबांनीं खेळावें, असें हें मत सांगतें. त्यास थोडा आधारही आहे. २०१३ सालीं ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत कॅलिफोर्नियांतील संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मोटार हांकतां हांकतां चिन्हें ओळखण्याचा मुद्दाम बनविलेला एक खेळ ६० ते ८५ वर्षें वयाच्या मंडळींकडून महिनाभरांत सुमारें १२ तास खेळवून घेतला असतां, एका वेळीं दोन कामें करण्याची त्यांची शक्ति वाढली, व ती वाढ सहा महिन्यांनंतरही टिकून होती, असें त्यांत दाखविलें होतें. परंतु पुढच्याच वर्षीं सुमारें ७० शास्त्रज्ञांनीं एकत्र निवेदन काढून, मेंदूच्या व्यायामाच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या खेळांविषयींचे दावे पुराव्याच्या पुढें धांवत असल्याचें बजाविलें. आणि २०१६ सालीं अशाच दाव्यांपायीं ‘लुमॉसिटी’च्या चालकांस अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे २० लक्ष डॉलर भरावे लागले. म्हणजे एका मुद्दाम घडविलेल्या खेळाचा गुण बाजारांतल्या वाटेल त्या खेळास चिकटवितां येत नाहीं.

आम्हां कोल्हापूरकरांस हा वाद कांहींसा ओळखीचा वाटेल. राजाराम कॉलेजांत अध्यापन केलेले ना. सी. फडके कलेसाठीं कलेचा पक्ष घेत, आणि पुढें कोल्हापुरांतच वास्तव्य केलेले वि. स. खांडेकर जीवनासाठीं कलेचा. त्या वादानें एका पिढीच्या वाचकांस कित्येक वर्षें गुंतवून ठेविलें. खेळाच्या बाबतींत आज सर्वांनींच खांडेकरांचा पक्ष घेतलेला दिसतो, पण त्यांतला जिव्हाळा मात्र गाळून! जीवन म्हणजे जणूं डॉक्टरचा कागद, एवढाच त्यांचा अर्थ. १९३८ सालीं डच इतिहासकार योहान हुइझिंगा यानें ‘होमो लुडेन्स’ ह्या ग्रंथांत क्रीडेचें जें विवेचन केलें, त्यांत खेळ हा स्वेच्छेचा, आपल्या नियमांनीं व सीमांनीं बांधलेला, नित्य व्यवहाराहून निराळा असा व्यापार आहे, हें मुख्य सूत्र आहे. तें आम्हांस मान्य आहे. खेळ हा खेळ म्हणूनच तपासला पाहिजे. आणि तसा तो तपासूं लागलें म्हणजे लक्षांत येतें कीं, खेळाचे नियम हे मनुष्यामनुष्यांतील संबंधाचेही नियम असतात.

उदाहरणादाखल लूडो घेऊं. कारण वृद्धांच्या खेळांत तोच आमच्या मातीशीं सर्वांत जवळचा आहे. खेळ हा एक ग्रंथ आहे असें मानलें, तर लूडो हें आमच्या पचीशीचें इंग्रजी भाषांतर होय. १८९६ सालीं इंग्लंडांत त्याचें पेटंट घेतलें गेलें. पुढें हें भाषांतर पुठ्ठ्याच्या पेटींत बसून हिंदुस्थानांत परत आलें. आणि २०१६ सालीं नवी मुंबईच्या गेमशन ह्या कंपनीनें, विकाश जयस्वाल यांच्या पुढाकारानें, ‘लूडो किंग’ ह्या नांवानें त्यास मोबाइलवर आणलें. दहा कोटींहून अधिक वेळां तो खेळ उतरवून घेतला गेला आहे. इतका खप आमच्या कोणत्या ग्रंथास लाभला असेल?

आतां मूळ आणि भाषांतर शेजारीं ठेवून पाहावें. पचीशीच्या कापडी पटाला चार बाहू, प्रत्येकावर २४, मिळून ९६ घरें. लूडोच्या बाहूंवर प्रत्येकीं १८, मिळून ७२. हा केवळ संक्षेप झाला. पण पचीशींत सहा किंवा सात कवड्या टाकतात. त्यांतल्या निम्म्याअर्ध्या उताण्या पडणें हें वारंवार घडतें, आणि पंचवीसासारखें मोठें दान क्वचित् पडतें; ज्या दानावरून खेळास नांव मिळालें तें दानच दुर्मिळ. त्यामुळें मुरलेला खेळाडू अंदाज बांधूं शकतो. लूडोच्या चौकोनी फांशांत एक आणि सहा सारखेच संभवनीय. अनुभवाचें मोल तेथें घटतें. पुन्हां, अनेक ठिकाणच्या नियमांप्रमाणें पचीशींत आपली पाळी सोडून देतां येते, सोंगटी सुरक्षित घरांत थांबवून ठेवितां येते. थांबण्याचें हें स्वातंत्र्य लूडोंत नाहीं. मोबाइलवर तर शेजारीं घड्याळ पळत असतें, आणि एकच सोंगटी हलण्याजोगी असेल तर कित्येकदां यंत्रच ती हलवून मोकळें होतें. थरथरत्या बोटास ही घाई जाचते.

परंतु सर्वांत मोठा फरक निराळाच आहे. पचीशी चौघांची, पण पक्ष दोनच. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे गडी. माझ्या चारही सोंगट्या घरीं पोंचल्या तरी माझा विजय होत नाहीं. समोरच्या गड्याच्या पोंचाव्या लागतात, आणि म्हणून आपली वाट संपत आली असतांही त्याच्यासाठीं मागें रेंगाळण्यांत शहाणपण असतें. इंग्रज भाषांतरकारानें हा नियम गाळला. लूडोंत चौघे चार दिशांचे वैरी. अलीकडे मोबाइलवरील कांहीं लूडोंत जोडीचा प्रकार आला आहे. परंतु घरोघर रूढ आहे तो जो तो आपापल्यापुरता, असाच.

हें विवेचन केवळ पुस्तकी नाहीं, हें आमच्या घरांतच आम्हांस कळलें. २०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, तेव्हां आमच्या मातोश्री वडगांवांत आणि त्यांची धाकटी बहीण, आमची मावशी, सांगलींत अडकली. अंतर फार नव्हे, पण तेवढेंही ओलांडतां येईना. नातवंडांनीं दोघींस लूडो शिकविला. दुपारीं चौघांचा डाव पडे: दोघी बहिणी आणि दोन्ही घरचें एकेक नातवंड. आठ दिवसांनीं आमच्या चिरंजीवानें तक्रार केली, “आजी, तुम्ही दोघी एकमेकींची सोंगटी मारतच नाही! हा चीटिंगचा डाव आहे.” मातोश्री शांतपणें म्हणाल्या, “अरे, लहानपणापासून ती माझी गडी आहे. गड्याला कुणी मारतं का?”

माहेरच्या सोप्यावर साठ-सत्तर वर्षांपूर्वीं पचीशी खेळतांना दोघी समोरासमोर बसत. १८९६ सालीं भाषांतरांत गळालेला नियम ह्या दोन वृद्ध बहिणींनीं, कोणास न विचारतां, पुन्हां खेळांत घातला होता. टीकाकार म्हणून आम्ही आयुष्यभर वर्गांत मूळ आणि भाषांतर ह्यांची तुलना शिकवीत आलों. पण भाषांतर वाचतां वाचतां त्यांतील चूक दुरुस्त करणारा वाचक आम्हांस प्रथमच भेटला.

ह्या यंत्राचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. गुडघे दुखत असतां जमिनीवर पटाशीं बसणें होत नाहीं. मोबाइल खाटेवर पडून चालतो. सोंगटी हातून सुटून खाटेखालीं जात नाहीं. दूरच्या माणसास जवळ आणण्याचें सामर्थ्य कापडी पटांत कधींच नव्हतें. यंत्र भांडूं देत नाहीं, आणि रडीच्या डावावरचें भांडण हा पचीशीचा अर्धा रस होता. पण मातोश्रींनीं तोही यंत्रावरच “मुद्दाम माझ्याच सोंगटीवर दान टाकतंय” असा आळ घेऊन बऱ्यापैकीं भरून काढला.

एकट्यानें खेळण्याच्या खेळांविषयीं येथेंच दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९९० सालीं विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा डाव आला, आणि पुढें संगणकाशीं प्रथम परिचय झालेल्या कित्येक कारकुनांचा हात त्यावरच माउसला बसला. आज निवृत्त झालेली तीच मंडळी तोच डाव मोबाइलवर लावतात. त्यांत एक गुण आहे: डाव सुटतो किंवा अडतो, पण संपतो. उलट २०१२ साली आलेल्या कँडी क्रशसारख्या खेळांत एक पायरी चढली कीं दुसरी तयार. पायऱ्यांची संख्या हजारांत गेली तरी नव्या घातल्याच जातात. नाटकास भरतवाक्य असावें तसा खेळास शेवट असावा. ज्यास शेवटच नाहीं त्यांत खेळणाराचें समाधान साधत नाहीं, फक्त वेळ जातो. आणि उतारवयांत वेळ ही स्वस्त वस्तु नव्हे.

पैसे लावून खेळावयाच्या प्रकारांचें तर परीक्षण करण्याचेंही कारण नाहीं. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचें सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं म्हटलें होतें, आणि त्या निर्णयाच्या छायेंत पुष्कळ व्यापार वाढला. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांस, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, मनाई केली. धर्मराजाची कथा घरोघर सांगणाऱ्या समाजास हें कळण्यास कायद्याची वाट पाहावी लागली, एवढेंच नवल.

२०२१ सालीं मावशी गेली. महिन्याभरानें मातोश्रींनीं आपण होऊन मोबाइल मागितला आणि डाव उघडला. दोन क्षणांत समोरची जागा भरली. कोणी एक अपरिचित नांव, शेजारीं कसलेंसें चित्र, आणि फांसा पडूंही लागला. “ही कोण?” मातोश्रींनीं विचारलें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्यांनीं मोबाइल पालथा ठेवला.

ह्या खेळांचा खरा दोष आम्हांस त्या दिवशीं दिसला. कापडी पटापुढची जागा रिकामी असूं शकते. गडी नसेल तर डाव मांडला जात नाहीं, आणि त्या न मांडण्यांतही गेलेल्या माणसाचा मान असतो. यंत्राच्या पटावर जागा रिकामी राहूंच शकत नाहीं. तरुणास ही सोय वाटेल, कारण त्यास गडी हवा असतो. वृद्धास अमुक एक गडी हवा असतो. ज्या कलाकृतीला हा भेद कळत नाहीं, ती कितीही चतुराईनें रचलेली असली तरी वृद्धांसाठीं रचलेली नव्हे.

तेव्हां आमचा अभिप्राय येणेंप्रमाणें: खेळ करणारांनीं वृद्धांसाठीं सोंगट्या मोठ्या कराव्या, घड्याळ काढून टाकावें, थांबण्याची मुभा द्यावी, जोडीचा जुना नियम मुख्य दारानें परत आणावा, आणि अनोळखी गडी मागितल्यावांचून देऊं नये. पण वाचकांस आमची विनंति अधिक निकडीची आहे. घरांतील वडील माणसाच्या हातीं खेळ दिसला तर त्याच्या मेंदूच्या हिताचा हिशेब करूं नका, आणि वयाची आठवणही देऊं नका. समोर कोण आहे एवढें पाहा. कोणीच नसेल तर स्वतः बसा.

मातोश्री आतां रविवारीं पुण्यास शिकणाऱ्या नातवाशीं लूडो खेळतात. इतर दिवशीं, कॉलेजांतून परतल्यावर, खुर्चींत बसवून टेबलावर पट अंथरला कीं त्या कवड्या हातांत घोळवितात आणि आम्ही समोर बसतों. आम्ही फार वाईट खेळतों. त्यांच्या चारही सोंगट्या केव्हांच घरीं पोंचण्याजोग्या असतात. पण शेवटची सोंगटी त्या फुलीच्या घरांत थांबवून ठेवितात, आणि आमची मागून येईपर्यंत पाळी सोडीत राहतात.