दोनचा फरक

संगीतसमीक्षा लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. मी बी.कॉम., बँकेत कॅशला बसतो. पण प्रस्तुत वाद्य आमच्याच वांद्र्याच्या घरात, जेवायच्या टेबलावर जन्माला आलं आणि त्यापायी आम्ही चार दिवस ताटं मांडीवर घेऊन जेवलो. तेव्हा दोन शब्द लिहिण्याचा हक्क मला पोचतो.

वाद्य : सिंथेसायझर. कर्ता : आमचा भाचा. साहित्य : लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, पत्त्याच्या जोडाएवढा आर्डुइनो बोर्ड, आठ बटणं आणि (न विचारता) माझ्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर. बोर्डावरची चिप एका पिनेतली वीज सेकंदाला २४० वेळा चालू-बंद करते, स्पीकरचा पडदा तितक्यांदा थरथरतो आणि त्याला आपण ‘सा’ म्हणायचं. आकडा बदलला की सूर बदलला. आमच्या जिन्यातली ट्यूब वर्षानुवर्षं असंच चालू-बंद करते आहे, पण तिला कोणी कलावंत म्हणत नाही.

भाच्याचं दैवत चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या ह्या माणसाने १९८२ साली रोलंडच्या जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तेव्हा रेकॉर्डला फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि परदेशी मंडळी थक्क झाली. मी ऐकली. ठेका लोकल पकडायची असल्यासारखा धावतो, पण सूर मात्र घसरत, रेंगाळत येतात. भाच्याच्या यंत्रात नेमकं तेच नाही. बटण सोडलं की सूर तुटला. आणि आवाज म्हणाल तर रिव्हर्समध्ये येणाऱ्या टेम्पोचा.

हे सगळं मी त्याला सुनावणार, एवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. घशाच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं तिचं गाणं बंद आहे, आणि घरात त्या विषयावर कोणी बोलत नाही.

“गंधार चढा आहे तुझा,” ती म्हणाली.

“आजी, पियानोच्या कोष्टकातून घेतलाय. गणितात बरोबर आहे.”

“गणितात असेल.”

आपल्या गंधाराचं साशी प्रमाण चारास पाच, हे भाच्याने शोधून काढलं. २४०ची सव्वापट मात्र मी तोंडी केली. ३००. कोष्टकात होते ३०२! दोनचा फरक लोकांना किरकोळ वाटतो. गल्ल्यात दोन रुपये कमी भरले की संध्याकाळी कोण बसून राहतं, ते लोकांना ठाऊक नाही.

पेटीवरही असाच आरोप होता. सूर ठरावीक आणि मींड नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं. शिवाय पेटीचा सूर हलवायचा म्हणजे आतली पट्टी घासत बसा. इथे भाच्याने ३०२ खोडून ३०० लिहिलं, अर्ध्या मिनिटात गंधार जागेवर. हा एक गुण मी ह्या वाद्याच्या खात्यावर बिनतक्रार जमा करतो.

मग आईने कपाटावरचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा मला खाली काढायला लावला. वर दोन वर्षांची धूळ होती. धैवत ४०४चा ४०० झाला, निषाद ४५३चा ४५०. सव्वाअकराला आई बटणांबरोबर अगदी हळू, खरखरत्या आवाजात गुणगुणत होती. खालच्या मजल्यावरून फोन आला. मी उचलला नाही.