ओळीखालची नागमोडी रेघ

कॉलेजच्या प्रोजेक्टचं शेवटचं पान बहुतेक वेळा सबमिशनच्या आदल्या रात्री भरलं जातं. वर ‘संदर्भसूची’, खाली पाच-सहा पुस्तकांची नावं, दोन लिंका, कधी नुसतंच ‘गूगल’. आतलं कुठलं विधान कुठून घेतलं, हे लिहिणारा सांगत नाही आणि तपासणाराही विचारत नाही. कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन व्हावं तशी ही यादी येते आणि संपते.

संदर्भ नेमके कशासाठी द्यायचे, हे पाहायचं तर पुण्यातच एक नमुना आहे: भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. काम १९१९ साली सुरू झालं, १९६६ साली पूर्ण झालं. १९२५ ते १९४३ या काळात वि. सी. सुखटणकर प्रमुख संपादक होते. १२०० हून अधिक हस्तलिखितं पाहिली गेली.

या आवृत्तीचं कुठलंही पान उघडा. वरच्या भागात संपादकांनी स्वीकारलेले श्लोक, खाली बारीक टायपात पाठभेद. शारदा, बंगाली, तेलुगू, मलयाळम अशा लिपींवरून हस्तलिखितांना खुणा दिल्या आहेत. कुठल्या पोथीत कोणता शब्द आहे, हे त्यावरून कळतं. आणि जिथे निवडीबद्दल संपादकांना पुरेशी खात्री नाही, तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ आहे. छापील पानावर आपली शंका इतक्या उघडपणे दाखवायला धैर्य लागतं.

व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पोथ्यांचा पुरावा पाहून सुखटणकरांनी ती आदिपर्वाच्या मुख्य संहितेतून बाहेर काढली. तेही गणपतीच्या पुण्यात! पण फेकून दिली नाही. ती परिशिष्टात आहे, कुठल्या पोथ्यांत सापडते त्या नोंदीसह. ज्याला निर्णय पटत नाही, त्याच्या हातात पुरावा ठेवूनच त्यांनी निर्णय घेतला.

आक्षेप आलेच. फ्रेंच अभ्यासक सिल्व्हाँ लेव्ही यांचं म्हणणं होतं की जुना पाठ नव्याने उभा करू नये. प्रचलित नीलकंठी पाठ छापावा आणि पाठभेद सोबत द्यावेत. या आक्षेपात तथ्य आहे. संपादकांची संहिता जशीच्या तशी कुठल्याही एका पोथीत मिळत नाही. पण लेव्हींच्या बाजूने आज कुणाला वाद घालायचा असेल, तर त्याचा बराचसा दारूगोळा सुखटणकरांच्याच तळटीपांत मिळेल. विरोधकाची सोय करणारी आवृत्ती, हे तिचं सगळ्यात मोठं यश.

उणीव वेगळी आहे. आदिपर्वाची सविस्तर प्रस्तावना इंग्रजीत, खुणा किचकट, आणि संस्कृत येत नसेल तर पानाचा खालचा अर्धा भाग मुकाच. पुरावा उघड्यावर आहे, पण तो वाचायचा कसा हे साध्या मराठीत शिकवणारं कुणीतरी हवं.

प्रोजेक्टसाठी यातून घेण्यासारखं बरंच आहे. विधानाशेजारीच पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं वर्ष, पान क्रमांक द्या. मूळ ग्रंथ स्वतः पाहिला नसेल, तर ज्याच्या लेखातून उतारा घेतला त्याचं नाव लिहा. आपल्या मताविरुद्ध जाणारं पुस्तकही यादीत राहू द्या. आणि जिथे खात्री नाही, तिथे तसं सांगा. त्याने मार्क कमी होतील अशी भीती असते. मग प्रश्न मार्क देणाऱ्यांनाही विचारायला हवा: नागमोडी रेघ दिसली, की ते ती चूक समजणार की काम?