एक पान जास्तीचे : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळाच्या वाचनगटाने लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचायला घेतले. आमच्यापैकी बहुतेकांनी ते शाळेत धड्यापुरतेच वाचलेले. दर बैठकीत कोणीतरी टिळकांच्या विक्षिप्तपणाचा एखादा प्रसंग वाचून दाखवायचे आणि हसून हसून पुरेवाट व्हायची. तिसऱ्या बैठकीला गटातल्या एक ताई, मूळच्या नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) ख्रिस्ती कुटुंबातल्या, हळूच म्हणाल्या, “हसा, हसण्यासारखंच आहे ते. पण आमच्या घरी आजीनं हे पुस्तक विनोदी म्हणून कधी वाचलं नाही. माणसाला धीर कसा द्यावा, हे ती आम्हाला यातून शिकवायची.”

त्या एका वाक्यामुळे मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचले. आणि आजींचे बरोबर होते, असे मला वाटू लागले.

आपल्याकडे आशीर्वाद वरून खाली येतो. धाकट्याने वाकायचे आणि थोरल्याने ‘सुखी राहा’ म्हणायचे. ख्रिस्ती शिकवणुकीत ही दिशा थोडी वेगळी आहे. तिथे आशीर्वाद द्यायला वयाची किंवा मानाची अट नाही. बरोबरीच्याला द्यावा, परक्याला द्यावा, आपल्याला छळणाऱ्यालाही द्यावा, असे नवा करार सांगतो. त्यात बर्णबा नावाचा एक शिष्य आहे, त्याच्या नावाचा अर्थच मुळी धीर देणारा असा सांगितला आहे. पौलावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते, तेव्हा त्याच्यासाठी शब्द टाकला तो या बर्णबाने.

नारायण वामन टिळकांच्या आयुष्याला वळण मिळाले तेही अशाच एका परक्या माणसामुळे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी आदराने बोलणे सुरू केले, संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी स्वतः किती जणांना हात दिला, ते ‘स्मृतिचित्रे’त पानोपानी दिसते. पोरकी मुले, आजारी माणसे, होतकरू लेखक, जो येईल त्याला टिळकांचे दार उघडे.

यातले सर्वांत मोठे नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या कोवळ्या पोराला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पदवी देणे सोपे असते. पुढे त्या मुलाला घरी आणून ठेवणे, खाऊपिऊ घालणे, त्याचे रुसवेफुगवे काढणे आणि त्याची कविता मन लावून ऐकणे, हे टिळक पतिपत्नींनी नगरच्या आपल्या घरात केले. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांना धर्मप्रसाराची केवढी तळमळ होती, ते सर्वांना ठाऊक आहे. तरीही या मुलाच्या डोक्यावर ठेवलेल्या हाताने बदल्यात काही मागितले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

पण लक्ष्मीबाई इथेच थांबल्या असत्या तर हे पुस्तक एका थोर पतीचे स्तुतिस्तोत्र झाले असते. त्या दुसरी बाजूही सांगतात. जगाला धीर देणाऱ्या या माणसाने बायकोला न सांगता, न विचारता धर्म बदलला. त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने पंढरपुरासारख्या ठिकाणी राहिल्या. त्या काळात त्यांना सांभाळले ते बहीण भिकूताई आणि तिच्या यजमानांनी, म्हणजे सोवळेओवळे पाळणाऱ्या हिंदू घराने. धीर देणे ही कोणा एका धर्माची मिरास नाही, हे लक्ष्मीबाई भाष्य न करता नुसत्या प्रसंगांतून दाखवतात. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचा विचार पक्का झाल्यावर.

पुढेही टिळकांची ओढाताण संपली नाही. घरात आलेला पैसा टिकायचा नाही. टिळक पाहुणा घेऊन यायचे आणि त्याच्यासाठी जास्तीचे पान मांडायचे काम लक्ष्मीबाईंचे. मला वाटते, या पुस्तकाचे खरे मर्म इथे आहे. आशीर्वादाचे शब्द एक जण बोलतो, पण त्याचा खर्च बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून भागतो. लक्ष्मीबाईंनी तो भागवला, कुरकुर करत, भांडत, हसत. हे भांडण त्यांनी वाचकापासून लपवले नाही, म्हणूनच त्यांचे प्रेम आपल्याला खरे वाटते.

तरी एक देणे टिळकांच्या नावावर मांडलेच पाहिजे. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांना वाचायला शिकवले टिळकांनी, आणि तू लिहू शकतेस हा विश्वासही त्यांनीच दिला. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य जेमतेम सुरू झालेले होते. साठांहून अधिक अध्याय लिहून लक्ष्मीबाईंनी ते बहुतांश पुरे केले. नंतर मुलगा देवदत्त याच्या आग्रहावरून आठवणी लिहिल्या, त्या १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाल्या. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई वारल्या आणि शेवटचा भाग त्यांच्या पश्चात आला. नवऱ्याने अक्षर दिले, मुलाने आग्रह धरला, आणि मराठीला तिचे एक अव्वल आत्मचरित्र मिळाले. उत्तेजनाचे याहून मोठे फळ कोणते?

पुस्तकात उणे काही नाही असे नाही. शेवटचा भाग विस्कळीत आहे, लेखिकेची तब्येत साथ देत नव्हती हे जाणवते. घरात आणलेल्या मुलांना त्या धांदलीच्या संसारात काय वाटत असेल, हे आपल्याला फारसे कळत नाही. आपण सारे काही लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांनीच पाहतो. पण त्या डोळ्यांत खोटेपणा नाही. भाषा घरातली, वाक्ये छोटी, उपदेश जवळजवळ नाहीच. धर्मांतराची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकात हा संयम सोपा नव्हता.

आता थोडे आपल्याविषयी. इथे आपण एकमेकांचे कौतुक पुष्कळ करतो. गणेशोत्सवात नाटक झाले की ‘फारच छान’, मुलाने दोन ओळी मराठीत म्हटल्या की टाळ्या. त्यात वाईट काही नाही. पण नव्याने आलेले जोडपे, नोकरी गेलेला मित्र, परीक्षेत मागे पडलेली मुलगी, यांना टाळ्यांनी फारसे काही मिळत नाही. त्यांना हवे असते आपल्या टेबलावर एक जास्तीचे पान, आणि ते मांडताना चेहऱ्यावर उपकाराचा भाव नसलेले माणूस. घरातल्या माणसालाही तेच हवे असते. बाहेर सगळ्यांना धीर देणारे आपण घरी आल्यावर कसे वागतो, हा प्रश्न लक्ष्मीबाई टिळकांना विचारतात. मला तो टाळता आला नाही.

आणि लक्ष्मीबाईंचा सर्वांत मोठा आशीर्वाद कोणाला मिळाला? माझ्या मते टिळकांनाच. नवऱ्याचे सगळे दोष त्यांनी जगापुढे मांडले, आणि इतके असूनही पुस्तक मिटताना तो माणूस आपल्याला हवाहवासा वाटतो. दोष झाकून केलेली स्तुती ही खुशामत असते. दोष पाहून, सोसून, हसून ज्याच्याबद्दल चांगले बोलता येते, त्याला आशीर्वाद म्हणावे.

पुढच्या भारतवारीत बॅगेत जागा ठेवा आणि ‘स्मृतिचित्रे’ची मूळ, असंक्षिप्त आवृत्ती आणा. मराठी न वाचणाऱ्या मुलांसाठी शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ पासून उपलब्ध आहे. एकत्र बसून वाचा. हसा जरूर. पण नगरच्या त्या आजींचे म्हणणे लक्षात ठेवा.