लिंबूटिंबू नसलेला डाव

लगोरी असो की डबा ऐसपैस, आपल्याकडे पोरांच्या टोळीत एखादा लिंबूटिंबू असतोच. तो धावतो, ओरडतो, धापा टाकतो. पण बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. प्रथा दयाळू आहे. तिच्यातला अपमान मात्र ज्याच्या वाट्याला आला त्यालाच ठाऊक. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरात, १९७१ साली मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी पाचवीच्या मुलांसाठी एक डाव मांडला. ‘जिगसॉ’ हे त्याचं नाव. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत त्याला पद्धत म्हणतात, पण मला तो डावच वाटतो; आणि घट्ट विणीची बंदिश उलगडून ऐकावी तसा तो उलगडून बघण्याजोगा आहे. त्याची पहिली खुबी हीच, की त्यात लिंबूटिंबूला जागा नाही.

गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा. ऑस्टिनमधली गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रत्यक्षात एका वर्गात येऊन बसली ती सतरा वर्षांनी, आणि काही आठवड्यांतच मारामाऱ्या सुरू झाल्या. मदतीला बोलावलेल्या ॲरन्सनांनी आधी काहीच केलं नाही. आपल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते वर्गात मागे बसले आणि बघत राहिले. बाई प्रश्न विचारत. सहा-सात हात वर जात, काही पोरं तर बाकावरून जवळजवळ उठत. उरलेली मान खाली घालून बसत. एकाचं नाव पुकारलं की बाकीचे हिरमुसत. त्याचं उत्तर चुकलं की तेच चेहरे उजळत. म्हणजे वर्गात एक खेळ आधीपासूनच चालू होता, आणि दुसऱ्याची चूक ही आपली संधी, हा त्याचा नियम होता. गरीब वस्त्यांतल्या तुटपुंज्या शाळांतून आलेल्या मुलांनी त्यात हरायचं, हेही ठरलेलंच. अशा वेळी बंधुभावावर भाषणं ठेवायचा मोह कुणालाही झाला असता. ॲरन्सनांनी उपदेशाचा एक शब्द न वापरता खेळाचा नियम बदलला. इथे उस्तादाचा हात दिसतो.

नियम बदलायला अवजार लागलं ते कात्री. वर्गात पुढचा धडा होता वृत्तपत्रकार जोसेफ पुलित्झर यांचं चरित्र. ॲरन्सनांच्या चमूने ते सहा परिच्छेदांत लिहून काढलं, त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती केल्या आणि परिच्छेद कापून वेगळे केले. सहा-सहा मुलांचे गट पाडले. प्रत्येक गटात मुलं-मुली, तिन्ही वंशांचे, हुशार आणि मागे पडणारे असे मिसळून. प्रत्येकाच्या हातात एकच परिच्छेद. घराणं आणि देशांतर एकाकडे, बालपण दुसऱ्याकडे, उमेदवारीची वर्षं तिसऱ्याकडे. थोड्या वेळाने परीक्षा, आणि ती अख्ख्या चरित्रावर. आता ही कापणी बघा. चरित्राचा तुकडा स्वतंत्रपणे समजतो, त्यामुळे तो कुणालाही सांगता येतो. पण बाकीचे पाच नसले तर त्याचा उपयोग शून्य. भागाकाराची रीत अशी कापली तर तिसरी पायरी हातात आलेल्या पोराला काहीच उमगणार नाही. कुठे कापलं तर तुकडा जिवंत राहतो, हे ओळखण्यात अर्धं कसब आहे.

आणि चरित्र कुणाचं, तेही पाहण्यासारखं आहे. पुलित्झर हंगेरीतल्या माको गावचे. १८६४ साली अमेरिकेत उतरले तेव्हा त्यांना इंग्रजी धड येत नव्हतं. पुढे त्यांनीच इंग्रजी वृत्तपत्रसृष्टी हलवली. अडखळत्या इंग्रजीबद्दल हसू ओढवून घेणारी मुलं ज्या वर्गात बसली होती, तिथे ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी हातोहात फिरली. धडा अभ्यासक्रमात ओघाने आलेला. पण असा योग एखाद्या चांगल्या कादंबरीकारालाही आवडावा.

दुबळ्या भिडूची काळजी कशी घेतली आहे, हे घाईने बघणाऱ्याच्या नजरेतून निसटतं. आपल्या गटात सांगायला बसण्याआधी, एकच परिच्छेद मिळालेली वेगवेगळ्या गटांतली मुलं एकत्र जमतात. मुद्दे काय, सांगायचं कसं, हे ठरवतात, एकमेकांसमोर म्हणून पाहतात. चक्क तालीम! नाटकवाल्यांना हे सांगायला नको. वाचनात कच्चा असलेला मुलगाही मग गटात परततो तो पाठांतर झालेल्या नटासारखा.

तरी प्रयोग पहिल्या दिवशी पडतोच. ॲरन्सनांनी नोंदवलेल्या एका प्रसंगात कार्लोस (हे बदललेलं नाव) आपला भाग सांगताना अडखळला. घरी स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, आणि आधीच्या वर्गांत गप्प राहण्यातच सुरक्षितता शिकलेला. गटातली मुलं चिडवू लागली. जुन्या खेळाची सवय हाडात मुरलेली. तेव्हा देखरेख करणाऱ्या साहाय्यकाने काय केलं? रागावला नाही, ‘असं बोलू नये’ म्हणाला नाही. चिडवण्यात मजा येत असेल, पण त्याने पुलित्झरबद्दल काही कळणार नाही आणि परीक्षा जवळ आली आहे, एवढ्याच अर्थाचं सांगून बाजूला झाला. चिडवणं फुकट होतं तोवर चाललं. आता त्याची किंमत लागू लागली. एक-दोन दिवसांत मुलांच्या लक्षात आलं, की कार्लोसला नीट प्रश्न विचारले तर तो नीट सांगतो. मुलं प्रश्न विचारायला शिकली, कार्लोस सैलावला, आणि काही आठवड्यांनी त्यांना तो हुशार वाटू लागला. मला या क्रमाचं फार अप्रूप आहे. आधी गरज, मग कौशल्य, आदर सगळ्यात शेवटी. आपण हा क्रम नेहमी उलटा शिकवतो.

ही गरज खोटी असून चालत नाही. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांच्या १९५४ च्या ओक्लाहोमातल्या मुलांच्या शिबिरात हे आधी दिसलं होतं. भांडकुदळ झालेल्या दोन टोळ्यांनी ज्या दोरीने रस्सीखेच खेळली, तीच दोरी बंद पडलेल्या ट्रकला बांधून सगळ्यांनी मिळून तो ओढला. जिगसॉमध्ये त्या दोरीच्या जागी कागदाचा कपटा आला, इतकंच.

शिक्षकाची भूमिकाही मोठी नाजूक बेतली आहे. तो गटागटांतून फिरतो. कुणी दादागिरी करू लागलं, तर स्वतः मध्ये पडण्याऐवजी गटाच्या म्होरक्याच्या कानात सांगतो, आणि म्होरक्या सांभाळून घेतो. साथीदाराने ठेका धरावा आणि गाण्यात डोकावू नये, तसं हे.

एक खटकणारी गोष्ट मात्र नंतरच्या दुरुस्त्यांची. मूळ डावात परीक्षा ज्याची त्याने द्यायची, गुण ज्याचे त्याला. शिक्षणसंशोधक रॉबर्ट स्लाविन यांनी बेतलेल्या दुसऱ्या आवृत्तीत गटाचे गुण मोजून गटांची चुरस लावली. उत्साह वाढत असेल. पण ज्याच्यामुळे गुण कमी पडले त्याच्याकडे बोट दाखवायची सोय झाली, म्हणजे लिंबूटिंबू मागच्या दाराने परत आला. मूळ चीज मला अधिक शुद्ध वाटते. अर्थात तीही प्रत्येक वर्गात सारखी रंगलेली नाही, नंतरच्या काही अभ्यासांत फरक दिसलाच नाही. हलगर्जीने मांडली तर ती निव्वळ ‘गट करून बसा’ होते. ऑस्टिनमध्ये मात्र मुलांना आपले गटमित्र अधिक आवडू लागले, वंशाची रेघ ओलांडून. आणि काळ्या व मेक्सिकन मुलांचे गुण वाढले, गोऱ्यांचे घटले नाहीत.

शेवटी ॲरन्सनांच्या विद्यार्थिनी डायान ब्रिजमन यांची चाचणी सांगायला हवी. चित्रकथा अशी: विमानतळावर वडिलांना निरोप देऊन मुलगा खिन्नपणे परततो. पोस्टमन त्याला एक पुडकं देतो. पुडक्यात खेळण्यातलं विमान निघतं आणि मुलगा रडू लागतो. तो का रडला, हे जवळजवळ सगळ्या दहा वर्षांच्या मुलांनी बरोबर सांगितलं. मग ब्रिजमन यांनी विचारलं, हे बघून पोस्टमनला काय वाटलं असेल? नेहमीच्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या मते, मुलाला वडील आठवले हे पोस्टमनलाही कळलं असणार. आठ आठवडे जिगसॉ खेळलेल्या मुलांनी मात्र अधिक प्रमाणात ओळखलं, की विमानतळ पोस्टमनने पाहिलेलाच नाही. तो बिचारा गोंधळून उभा असेल.